डोंगरउतारावर पवना गवत परत आणायचं तर

आंबेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. घोडेगावच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीत त्यांची पाच एकर पड जमीन आहे. खाली खाचरात भात होतो, वरचा उतार गवतासाठी ठेवलेला. पूर्वी तिथं जनावर तोंड वर काढत नसे इतकं गोड गवत होतं असं वडील सांगतात, आता जिकडे तिकडे कुसळी, म्हणजे टोचणाऱ्या कुसांचं गवत. घरी दोन गाई, एक बैलजोडी आणि आठ शेळ्या. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी अंजन गवताचं बी विकत आणून फेकलं, पण उगवलं नाही. आता त्यांचं विचारणं असं: एकदा लावलं की वर्षानुवर्षं येत राहील असं डोंगरावरचं चांगलं गवत कोणतं, ते लावायचं कसं आणि पाच एकरांवर घरची जनावरं भागतील का?

मी कुरणविकासाच्या कामात आहे, आणि हा प्रश्न मला सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या गावांत सतत भेटतो. प्रश्नात 'कोणतं गवत लावू' असं असतं, पण खरी अडचण वेगळी असते. चांगलं गवत तिथं होतंच, ते गेलं. का गेलं हे कळल्याशिवाय नवीन लावलं तर तेही त्याच वाटेनं जाणार. म्हणून आधी ते बघू, बियाणं आणि ठोंबं (मुळांसकटचे गवताचे जुडगे) नंतर.

वडिलांच्या आठवणीतलं गवत बहुतेक पवना असणार. काही भागांत त्याला शेडा म्हणतात. दख्खनच्या नैसर्गिक कुरणांच्या प्रकाराला शास्त्रज्ञ 'सेहिमा-डायकॅन्थियम' म्हणतात. यातला सेहिमा म्हणजे आपला पवना आणि डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. म्हणजे ही दोन गवतं इथलीच, बाहेरून आणावी लागत नाहीत. त्यांच्या जोडीला दगडगोट्यांच्या उतारावर येणारं डोंगरी गवत. तिन्ही बहुवार्षिक आहेत. उन्हाळ्यात वरचं वाळतं, ठोंब जिवंत राहतो आणि पहिल्या सरींबरोबर त्याच ठोंबातून फूट येते.

हे गवत जातं कसं? ठोंबाच्या बुडाशी, जमिनीलगत, फुटव्यांचे डोळे असतात. उन्हाळाभर ते मुळांत साठवलेल्या अन्नावर टिकतात आणि मृगाच्या सरी पडल्या की हा साठा खर्चून पहिली पानं वर येतात. पुढचा महिना-दीड महिना पानं साठा परत भरत नसतात, आधी स्वतः वाढत असतात. नेमकी याच वेळी जनावरं रानात सुटतात, कारण घरातली वैरण संपलेली असते आणि डोंगर हिरवा दिसायला लागलेला असतो. कोवळी फूट खाल्ली गेली की ठोंब दुसऱ्यांदा फुटतो, तिसऱ्यांदा फुटतो, आणि दर वेळी साठा कमी होतो. पेरणीच्या तोंडावर कणगीतलं बियाणंच खाऊन टाकावं तसा हा प्रकार आहे. दोन-तीन पावसाळे असे गेले की ठोंब मरतो. जनावर गोड गवत आधी खातं, म्हणून पवना आधी मरतो, मग मारवेल आणि डोंगरी. रिकाम्या जागेत कुसळी येते. तरीही चराई थांबली नाही तर पुढे वर्षायू, म्हणजे एकाच हंगामापुरती जगणारी, हलकी गवतं, तरोटा आणि उघडा मुरूम. तुमचा उतार कुसळीपर्यंत आला आहे, म्हणजे अजून बराच वाचलेला आहे. कुसळी बहुवार्षिक आहे, माती धरून ठेवते. हिला शत्रू समजून नांगर घालू नका. उतारावर नांगरट केली तर एका पावसाळ्यात माती तुमच्या खाचरात येऊन बसेल.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण याची उत्तरं मला इथून देता येणार नाहीत. पहिलं, पाऊस. घाटमाथ्यापासून पूर्वेला दर पाच-दहा किलोमीटरला पाऊस झपाट्यानं कमी होतो, त्यामुळे एकाच तालुक्यात भीमाशंकरकडचं रान आणि मंचरकडचं रान यांना एकच सल्ला चालत नाही. तुमच्याकडे हजार-बाराशे मिलिमीटर धरून मी बोलतो आहे. दुसरं, मातीची खोली. पहारीनं दहा-बारा ठिकाणी खड्डा घेऊन बघा. वीतभर माती असेल तर काम सोपं, चार बोटं असेल तर धीर धरावा लागेल. तिसरं, उताराचं तोंड कुठं आहे. दक्षिण आणि पश्चिम उतार दुपारचं ऊन खातात, लवकर वाळतात. उत्तरेकडच्या उतारावर ओल महिनाभर जास्त राहते. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं: त्या पाच एकरांत दुसऱ्यांची गुरं येतात का? जमीन तुमच्या सातबाऱ्यावर असली तरी डोंगरावर सुगीनंतर कुणाचीही गुरं कुठंही फिरतात, हा आपल्याकडचा रिवाज आहे. त्यावर शेजाऱ्यांशी बोलून तोड काढल्याशिवाय एक रुपयाही बियाण्यावर घालू नका. जमिनीचा काही भाग गायरानात किंवा वनखात्याच्या हद्दीत जात असेल तर तिथं ग्रामसभा किंवा वनविभागाशी बोलल्याशिवाय कुदळ मारायची नाही.

आधी शोधा, मग लावा

नवरात्राच्या आसपास, गवत फुलोऱ्यात असताना, पूर्ण उतार पायी फिरा. एरवी सगळं गवत सारखंच दिसतं, ओळख तुऱ्यावरून पटते. उघड्या जागेत शोधत बसू नका. करवंदीच्या जाळीत, निवडुंगाच्या आड, दोन धोंड्यांच्या फटीत, जिथं जनावराचं तोंड पोचत नाही तिथं बघा. जवळ देवराई असेल किंवा जुनी गडगा घातलेली जागा असेल तर तिची कडही बघा. पवना उरला असेल तर तिथंच उरला असेल.

ओळखायचा असा. पवन्याच्या काडीला टोकाशी एकच तुरा असतो, बोटभर लांब, एका बाजूला किंचित कललेला. तुऱ्यातला एक दाणा सोडवून उन्हात धरला तर त्याच्या टरफलावर उभ्या शिरा स्पष्ट दिसतात आणि टोकाला ते दुभंगलेलं असतं. मारवेलला टोकाशी पंजासारखे दोन-चार किंवा जास्त तुरे एकत्र येतात. पण त्याची पक्की खूण खाली आहे: काडीच्या प्रत्येक पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं, बोट फिरवलं की लागतं. डोंगरी गवताचा तुरा मोकळा, फांद्या फांद्यांचा, आणि दाण्याच्या बुडाशी तांबूस-सोनेरी लव. सकाळच्या उन्हात तो उतार लांबूनही ओळखू येतो. कुसळीची ओळख तुम्हाला सांगायला नको. तिची काळपट कुसं एकमेकांत पिळून शेपटीसारखी होतात.

प्रत्येक जाळीपाशी चुन्याची खूण करा. पाच एकरांत वीस-पंचवीस ठिकाणी पवना किंवा डोंगरी सापडलं तर माझा सल्ला साधा आहे: दोन पावसाळे काहीच लावू नका, फक्त राखा. जूनपासून दसऱ्यापर्यंत एकही जनावर आत नको. जाळीतला ठोंब बी टाकतो, ते वाऱ्यानं आणि पाण्यानं खाली सरकतं, आणि राखलेल्या जागेत उगवतं. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं डोंगरावर चराईबंदी केली आणि लोकांना गवत कापून नेऊ दिलं, त्यामागचा हिशोब हाच. विळ्यानं कापलेलं गवत आणि दातानं ओढलेलं गवत यांत फरक आहे. विळा बूड सोडतो, केव्हा चालवायचा ते आपण ठरवतो, आणि माती खुरांनी दबत नाही.

काहीच सापडलं नाही, किंवा दोन-चार ठोंबंच सापडली, तर मात्र लावावं लागेल.

अंजन का उगवलं नाही

अंजन गवत चांगलं आहे, पण ते कमी पावसाच्या, हलक्या, रेताड जमिनीचं. पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या पट्ट्यात ते उत्तम. तुमच्याकडे श्रावणात उतारावरून पाणी पाझरत असतं, आणि पाय ओले राहिलेले अंजनाला सोसत नाहीत. दुसरं म्हणजे नुसतं फेकलेलं बी. गवताचं बी कुसाळ आणि भुश्शासारखं हलकं. कडक जमिनीवर ते पडतं, पहिल्या वळवात वाहून बांधाला जमा होतं, राहिलेलं मुंग्या नेतात. तिसरं, बियाचं वय. या गवतांचं बी सुगीत गोळा केल्याबरोबर उगवत नाही. त्याला काही महिन्यांची सुप्तावस्था असते, ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत मोडते. उलट फार जुनं झालं की उगवण घसरते. म्हणजे मागच्या दिवाळीचं बी या जूनला, हा हिशोब ठेवायचा. विकत घेताना कापणीचं वर्ष विचारा, सांगता येत नसेल तर घेऊ नका.

उगवण घरी तपासता येते. मे महिन्यात चिमूटभर बी तळहातावर चोळून बघा. भूस उडून गेल्यावर आत कडक दाणा लागला पाहिजे. पुष्कळ वेळा पोत्यात निम्मी पोकळ टरफलं असतात. मग शंभर भरीव बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, दहा-पंधरा दिवसांनी मोजा. रानगवताचं बी शंभरात तीस-चाळीस उगवलं तरी चांगलं समजायचं. दहाच उगवलं तर ते बी पेरायचं नाही.

कुठं काय

पाच एकर सलग एकाच गवताखाली आणू नका. उतार वरून खालपर्यंत एकसारखा नसतो. माथ्याकडे, जिथं दगड जास्त आणि माती कमी, तिथं डोंगरी गवत. मधल्या तांबड्या-मुरमाड पट्ट्यात पवना, हा तुमचा मुख्य पट्टा. खाली, खाचरांच्या वरच्या बाजूला, जिथं माती साठून काळपट आणि खोल झाली आहे, तिथं मारवेल. मारवेल जड जमीन मागतं, त्याच्या बदल्यात कापणीही जास्त देतं. मारवेलचं सुधारित वाण हवं असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं 'फुले मारवेल-०६-४०' आहे, विद्यापीठाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे ठोंबांची चौकशी करा. पवना आणि डोंगरी यांची निवडक वाणं झाशीच्या गवत व चारा संशोधन संस्थेनं काढली आहेत, आणि त्या संस्थेचं दक्षिणेतलं केंद्र धारवाडला आहे. पण खरं सांगायचं तर पवन्यासाठी मी आपल्याच डोंगरावरचं बी पसंत करतो. तुमच्या पावसाला आणि तुमच्या मुरमाला ते सरावलेलं असतं.

एक जागा मात्र सोडा. उताराच्या वर सपाट कातळ असेल, ज्यावर पावसाळ्यात चिखलाएवढी माती आणि भाद्रपदात रानफुलं येतात, तिथं काहीही लावू नका. सातारच्या कास पठारासारख्या सड्यांवरची वनस्पती त्या पातळ मातीचीच असते. तिथं बहुवार्षिक गवत घुसवणं म्हणजे असलेलं मोलाचं घालवणं. त्याच कारणानं या पाच एकरांत झाडांचं दाट रोपण करू नका. कुणी योजनेतून रोपं फुकट देत असलं तरी नको. पवन्याला ऊन लागतं, सावलीत तो हटतो.

बी की ठोंब

उतारावर मी ठोंबांच्या बाजूचा आहे. बियाला स्वस्ताई आहे, पण पहिल्या महिन्यात दोन जोरदार सरी आल्या तर मेहनत वाहून जाते. ठोंब लागला की लागला. अडचण संख्येची. ६० सेंटीमीटरच्या ओळी आणि ओळीत ४५ सेंटीमीटर धरलं तर एकरी साधारण १५,००० ठोंबं लागतात. विकत घेणं परवडत नाही आणि दुसऱ्याच्या डोंगरावरून उपटून आणणं बरोबर नाही.

म्हणून पहिल्या वर्षी फक्त एक गुंठा रोपवाटिका करा, विहिरीजवळ किंवा परसात. जाळीत सापडलेल्या ठोंबांतून प्रत्येकी थोडा भाग काढा, मूळ ठोंब जागेवर ठेवा. कमी पडलं तर बियापासून रोपं करा: वाफ्यावर बी पसरून त्यावर बारीक शेणखताचा पातळ थर. एक सेंटीमीटरपेक्षा खोल गेलेलं बी वर येत नाही. ३० बाय ३० सेंटीमीटरवर लावलं तर गुंठ्यात अकराशेच्या आसपास ठोंबं बसतात. वर्षभर पाणी आणि थोडं शेणखत मिळालं तर एका ठोंबातून वीसेक फुटवे सहज निघतात. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात, खाली सांगितल्याप्रमाणे जोडओळींनी लावलं तर, एका एकराचं सामान घरचं.

लावणी मृगाच्या घाईत करू नका. पाऊस बसला पाहिजे, म्हणजे आर्द्रा सरल्यावर, जुलैत, झिमझिम असलेल्या ढगाळ दिवशी. ठोंब उपटून त्याचे तीन-चार काड्यांचे भाग करा, प्रत्येकाला मुळं हवीत. पानं वीतभर ठेवून वरची छाटा, नाहीतर मुळं लागण्याआधी पानांतून पाणी उडून जातं. कुदळीनं कुसळीच्या दोन ठोंबांमधली मोकळी जागा निवडून खळगी घ्या, ठोंब बसवा, टाचेनं दाबा. दाबणं महत्त्वाचं आहे. मुळांभोवती पोकळी राहिली की उघडीप पडल्यावर ठोंब करपतो. उपटलेली ठोंबं ओल्या पोत्यात ठेवून त्याच दिवशी लावायची.

पूर्ण एकर भरून काढायची गरज नाही. समपातळीत, म्हणजे उताराला आडव्या, दर पाच मीटरवर जोडओळ लावा. ओळीत अंतर कमी ठेवा. वाहतं पाणी या जोडओळीला अडतं, गाळ तिथं बसतो, ओल धरते. आणि पवना दोन वर्षांत स्वतःचं बी खालच्या मोकळ्या पट्ट्यात टाकतो. यामुळे ठोंबं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतात आणि मजुरीही.

मधल्या पट्ट्यांत बी टाकायचं असेल तर गोळ्या करून टाका. एक भाग बी, तीन भाग चाळलेली चिकणमाती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू, पाण्याचा हबका मारत हातानं वळायचं, हरभऱ्याएवढी गोळी, सावलीत वाळवायची. गोळीमुळे बी वाहत नाही, मुंग्या नेत नाहीत, ओल धरून राहते. जूनच्या सुरुवातीला, पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी, कुदळीनं ओरखडलेल्या ओळीत टाका. एकरी दोन-अडीच किलो चांगलं बी पुरे.

बी स्वतःच गोळा करायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पवन्याचं बी एकदम पिकत नाही, तुऱ्याच्या टोकाकडून गळायला लागतं. मूठ हलकी धरून तुरा खालून वर ओढा, पिकलेलं हातात येईल, कच्चं राहील. आठवड्यानं परत. कापून झोडपलेल्या गवतात निम्मं कच्चं बी येतं. सावलीत वाळवून कापडी पिशवीत, कोरड्या जागी टांगून ठेवा. प्लॅस्टिकच्या पोत्यात घामतं.

सलग समतल चर खणावेत का, हेही बरेच जण विचारतात. ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल चर उघड्या, धुपलेल्या उतारावर उपयोगी पडतो. पण जिथं गवताची कातडी शाबूत आहे तिथं चर खणणं म्हणजे जिवंत ठोंबं उलटून मुरूम वर आणणं. घळी पडल्या असतील तिथं दगडी बांध घाला, बाकी उतार तसाच ठेवा.

कुसळीचं काय करायचं

कुसळी तिच्या कुसांमुळे बदनाम आहे. बियाचं टोक अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले राठ केस, आणि वर पिळाचं लांब कुसळ. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि या फिरण्यानं बी जमिनीत शिरत जातं. मेंढीच्या लोकरीत आणि जनावराच्या हिरड्यांत ते तसंच शिरतं. पण कुसं येण्याआधी, पोटरीत असताना, हेच गवत जनावरं आवडीनं खातात. म्हणून सप्टेंबरमध्ये, कुसं दिसायच्या आत, कुसळीचे पट्टे कापून घ्या. दोन कामं होतात: चारा मिळतो आणि यंदाचं बी पडत नाही. ओळीतल्या पवन्याला मोकळीक मिळते. सलग दोन-तीन वर्षं हे केलं आणि पावसाळी चराई बंद राहिली तर कुसळीचा जोर ओसरतो.

वणवा मात्र कुसळीचा मित्र आहे. 'जाळलं की गवत चांगलं फुटतं' ही समजूत डोंगरात खोलवर बसली आहे. जाळल्यावर हिरवं लवकर दिसतं हे खरं, पण कुसळीचं बी जमिनीत शिरून सुरक्षित असतं आणि पवन्याचे डोळे जमिनीलगत भाजतात. शिवाय पालापाचोळा जळाला की पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो. म्हणून दिवाळीनंतर गवत हिरवट असतानाच हद्दीभोवती तीन-चार मीटरची जाळरेषा साफ करा. कापलेलं गवत नेऊन टाकायचं, रेषा झाडून ठेवायची. रस्त्याकडच्या बाजूला जास्त रुंद. फेब्रुवारी ते मे या काळात गुराख्यांशी बोलणं चालू ठेवणं हेही कुरणाचंच काम आहे.

पहिली तीन वर्षं

लावणीच्या वर्षी काहीही चारायचं नाही. कापणीही, सप्टेंबरातले कुसळीचे पट्टे सोडले तर, शेवटी, नोव्हेंबरात, बी पडून गेल्यावर, तीही फक्त जुन्या गवताची. दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर एक कापणी, चार बोटं बूड सोडून. बूड सोडायचं कारण तेच, फुटव्यांचे डोळे. तिसऱ्या वर्षापासून पूर्ण कापणी, आणि कापणीनंतर दिवाळी ते संक्रांत हलकी चराई चालेल. पाच एकरांचे चार भाग करा आणि दर वर्षी एक भाग बी पडेपर्यंत राखा. असं फिरवत राहिलात तर परत लावणी करावी लागत नाही.

कापणीची वेळ हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित मुद्दा आहे. फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापलेल्या पवन्यात प्रथिनं सहा-सात टक्के, आणि पूर्ण वाळून पिवळ्या पडलेल्या गवतात तीन-चार टक्के. आपल्याकडे भात काढून झाला की गवताकडे वळतात, तोवर नोव्हेंबर उजाडतो. मजुरीची अडचण मी समजू शकतो. निदान एक एकर तरी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पावसाची उघडीप बघून कापा, दोन दिवस पसरून वाळवा, पेंढ्या बांधून गंजी लावा. ती गंजी उन्हाळ्यात गाभण गाईसाठी राखून ठेवा.

शेंगावर्गीय चारा जोडीला हवा. उघड्या मुरमाच्या जागी स्टायलो चांगला रुजतो. त्याच्या बियाचं कवच कठीण असतं, म्हणून ८० अंशांच्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून, लगेच गार पाण्यात काढून, सावलीत सुकवून पेरा. एकरी दीड-दोन किलो. तो नत्र जमिनीत धरतो आणि गवतापेक्षा दुप्पट प्रथिनं देतो. पण स्टायलो परदेशी आहे, म्हणून फक्त उघड्या, बिघडलेल्या जागीच. जिथं आपली गवतं आणि रानशेंगा टिकून आहेत तिथं नको. रासायनिक खत पहिल्या वर्षी अजिबात नको, त्याचा फायदा तण उचलतं. पुढे ठोंबं बसल्यावर जुलैत एकरी वीस-बावीस किलो युरिया दिलात तर फरक दिसतो, नाही दिलंत तरी कुरण चालतं.

जनावरं भागतील का

आपल्याकडचं मध्यम बांध्याचं देशी जनावर दिवसाला सहा किलोच्या आसपास कोरडा चारा खातं, म्हणजे वर्षाला सव्वादोन टन धरा. बिघडलेल्या कुसळीच्या रानातून हेक्टरी टनभर वाळलेलं गवत निघतं. बसलेल्या पवना-मारवेलच्या कुरणातून हेक्टरी चार टन धरणं वाजवी आहे, चांगल्या वर्षी जास्त. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर, म्हणजे आठ टन. तुमच्या दोन गाई आणि बैलजोडी यांना लागतं नऊ टन. भाताचा पेंढा घरचा आहे, त्यामुळे चार मोठी जनावरं भागतात, पण हे तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून. तोवर दोन वर्षांची वैरण कुठून आणायची याची तजवीज लावणीच्या आधी करा. बहुतेक कुरणं दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये मोडतात, घरातला पेंढा संपतो तेव्हा. खाचराच्या बांधावर किंवा विहिरीच्या पाण्यावर दोन-चार गुंठे संकरित नेपियर लावून ठेवलंत तर तो महिना निघून जातो आणि डोंगराला हात लावावा लागत नाही.

शेळ्यांचा हिशोब वेगळा. शेळीला गवतापेक्षा पाला आवडतो, आणि पाला नसेल तर ती कोवळे फुटवे बुडापासून खुडते, त्यामुळे नव्या लावणीत आठ शेळ्या आठ गाईंपेक्षा जास्त नुकसान करतात. कुरणाच्या बाहेर, खाचरांच्या बांधावर शेवरी आणि हादगा लावा, जूनमध्ये बी टोकलं तर पुढच्या उन्हाळ्यात कापायला येतो. शेळ्यांना तो पाला गोठ्यात बांधून घाला, आणि पहिली तीन वर्षं त्यांना उतारावर नेऊ नका.